वर प्रार्थना, खाली अंधारकोठडी

आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर घाना नावाचा देश आहे. आक्रा ही त्याची राजधानी. तेथून समुद्राच्या कडेकडेने पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटर गेले म्हणजे एल्मिना हे कोळ्यांचे गाव लागते. खाडीच्या मुखाशी रंगीबेरंगी होड्यांची दाटी असते, किनाऱ्यावर मासळीचा बाजार भरलेला असतो, आणि ह्या सगळ्या गजबजाटावर एक पांढराशुभ्र किल्ला खडकावर उभा असतो. दुरून पाहणाऱ्यास तो मोठा देखणा वाटतो. त्याचे मूळ नाव संत जॉर्ज ह्यांच्यावरून ठेवलेले आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस युरोपियन लोकांनी बांधलेल्या व आजही उभ्या असलेल्या इमारतींमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो. १९७९ साली घानाच्या किनाऱ्यावरील अशा किल्ल्यांची गणना जागतिक वारशात झाली आणि तेव्हापासून देशोदेशींचे लोक तो पाहण्यास येतात.

परंतु तेथे येणारा मनुष्य देखणेपणा पाहून परतत नाही. ह्या किल्ल्याच्या तळमजल्यावर गुलामांच्या कोठड्या आहेत, आणि त्याच किल्ल्यात, त्याच भिंतींच्या आत, देवाच्या उपासनेची मंदिरेही आहेत. एक पोर्तुगीजांचे, एक डच लोकांचे. खाली माणसे साखळदंडांत होती आणि वर स्तोत्रे गाइली जात होती. हे दोन्ही एकाच छपराखाली इतकी वर्षे कसे चालले, हा प्रश्न एल्मिनाच्या भिंती प्रत्येक ख्रिस्ती माणसास विचारतात. काही वर्षांपूर्वी मला तेथे जाण्याचा योग आला. तेथे पाहिलेले व पुढे वाचून समजलेले वाचकांपुढे ठेवीत आहे.

किल्ल्याचा जन्म

पंधराव्या शतकात पोर्तुगालचे दर्यावर्दी आफ्रिकेच्या किनाऱ्याने हळूहळू दक्षिणेस सरकत होते. १४७१ च्या सुमारास ते ह्या भागात पोहोचले. येथे सोने भरपूर मिळते असे पाहून त्यांनी ह्या किनाऱ्यास खाण ह्या अर्थाचे ‘मिना’ हे नाव दिले. ‘एल्मिना’ हे त्याचेच रूप. तेथील लोक मात्र आपल्या गावाला आजही एडिना म्हणतात.

१४८२ च्या जानेवारी महिन्यात, राजा दुसरा जुआंव ह्याच्या आज्ञेने, दियोगु द आझांबुजा नावाचा सरदार सुमारे सहाशे माणसे घेऊन येथे उतरला. त्यांत सैनिक होते, गवंडी होते, सुतार होते. किल्ल्यासाठी लागणारे पुष्कळसे दगड पोर्तुगालमध्येच घडवून नौकांतून आणले होते. किनाऱ्यावर उतरताच एका झाडाखाली मिस्सा झाली. त्यानंतर गावच्या प्रमुखाशी बोलणे झाले. त्याचे नाव क्वामेना आन्सा. पोर्तुगीज बखरकारांनीच लिहून ठेवले आहे की, ह्या प्रमुखाला किल्ल्याची कल्पना रुचली नाही. जे मित्र मधूनमधून भेटतात त्यांचे प्रेम टिकते, कायमचे शेजारी झाले की कुरबुरी होतात, अशा आशयाचे शहाणपणाचे उत्तर त्याने दिले. अखेर त्याने नाइलाजाने संमती दिली. गवंड्यांनी पायासाठी जो खडक फोडावयास घेतला तो गावकऱ्यांना पवित्र होता. तेथे चकमक झाली. मग भेटवस्तू देऊन प्रकरण मिटविण्यात आले आणि काही आठवड्यांत तटबंदी उभी राहिली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हा किल्ला गुलामांसाठी बांधलेला नव्हता. तो सोन्यासाठी बांधलेला होता. उलट आरंभीच्या काळात पोर्तुगीज लोक बेनिनकडून व साऊ तोमे बेटावरून गुलाम येथे आणीत आणि सोन्याच्या मोबदल्यात स्थानिक व्यापाऱ्यांना ओझी वाहण्यासाठी विकीत. माणूस विकणे हा प्रथम जोडधंदा होता. तो मुख्य धंदा होण्यास दीड शतक लागले. पाप बहुधा असेच वाढते. ते एकदम घराचा ताबा घेत नाही. आधी पडवीत जागा मागते.

सोन्याकडून माणसाकडे

अमेरिका खंडात उसाचे मळे वाढले, आणि मळ्यांसाठी राबणारे हात हवे झाले. १६३७ साली डच लोकांच्या वेस्ट इंडिया कंपनीने समोरच्या टेकडीवर तोफा चढवून एल्मिना जिंकली. ब्राझीलमधील उसाचा काही प्रदेश त्या वेळी डचांच्या हाती होता. पुढे सुरिनाम व क्युरासाव येथील त्यांच्या वसाहतींसाठीही माणसे लागू लागली. अशा रीतीने सोन्याची वखार हळूहळू माणसांची वखार बनली.

ही माणसे येत कोठून? बहुतेक जण देशाच्या अंतर्भागातील लढायांत पकडलेले कैदी असत. कोणी कर्जापायी, कोणी पळवून आणलेले असे. त्यांना पकडून किनाऱ्यापर्यंत आणणारे राजे, सरदार व दलाल आफ्रिकनच होते, हे सत्यही सांगितले पाहिजे. परंतु गिऱ्हाइकाने दार उघडून पैसे मोजले म्हणूनच तो बाजार फुलला. ज्या बंदुका व दारू मोबदल्यात दिली जाई, त्यांनीच पुढची लढाई पेटे आणि पुढचे कैदी हाती लागत.

इतिहासकारांनी जुनी जहाजी कागदपत्रे तपासून जो हिशेब मांडला आहे तो असा : सुमारे १ कोटी २५ लाख माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून अटलांटिक महासागरापलीकडे जाणाऱ्या नौकांवर चढविण्यात आली. पलीकडे जिवंत उतरली सुमारे १ कोटी ७ लाख. राहिलेली सुमारे १८ लाख समुद्राच्या पोटात गेली. डच नौकांचा वाटा सुमारे साडेपाच लाखांचा होता. ज्यांना आपण कॅथलिक देश म्हणतो त्या पोर्तुगालच्या व ब्राझीलच्या नौकांवर सुमारे ५८ लाख माणसे नेली गेली. हा आकडा आपण झाकून ठेवू नये.

किल्ल्याच्या आत

आता वाचकांनी माझ्याबरोबर आत यावे. कोरड्या खंदकावरील पूल ओलांडून आपण मोठ्या चौकात येतो. चौकाच्या मध्यभागी एक साधी, बैठी इमारत आहे. हे पोर्तुगीजांचे देऊळ. डच आल्यावर त्यांनी त्यात उपासना चालविली नाही. त्या जागेचा उपयोग लिलावासाठी झाला असे तेथील वाटाडे सांगतात. आज तेथे संग्रहालय आहे.

एका बाजूस स्त्रियांच्या कोठड्यांचा लहान चौक आहे. त्या चौकावर वरून एक सज्जा आलेला आहे. तो किल्ल्याच्या गव्हर्नराचा. खाली उभ्या केलेल्या स्त्रियांकडे तो ह्या सज्ज्यातून पाही आणि एकीला वर बोलावून घेई. जिने तिला नेले जाई तो अरुंद जिना अद्याप आहे. जी नकार देई तिला चौकात जमिनीला जखडलेल्या लोखंडी गोळ्यास बांधून उन्हात उभी करीत. तो गोळाही अद्याप आहे. ह्याहून अधिक लिहिणे नको. ज्या घरात मुली आहेत त्या घरास ह्यातील दुःख समजेल.

कोठड्यांत शिरताना वाकावे लागते. आत उजेड नाही, वारा नाही. शतके लोटली, भिंती धुतल्या गेल्या, तरी एक ओलसर, कोंदट वास तेथे राहिला आहे. नौका येईपर्यंत माणसांनी येथे कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने काढावयाचे. जेवण, झोप, आजार, शौच, बाळंतपण, मरण, सारे त्याच फरशीवर. आमच्याबरोबरचे सगळे प्रवासी येथे आपोआप गप्प झाले. एक वृद्ध अमेरिकन बाई भिंतीला हात लावून बराच वेळ उभ्या होत्या. त्यांचे पूर्वज ह्याच कोठडीतून गेले की दुसऱ्या कोणत्या, हे सांगणारा कागद जगात नाही. ज्याला विकले त्याचे नावही सहसा लिहून ठेवीत नसत. लिहीत ती संख्या आणि किंमत.

चौकाच्या कडेला शेजारी शेजारी दोन खोल्या आहेत. एक शिक्षा झालेल्या गोऱ्या शिपायांची. तिला हवा खेळण्यास झरोका आहे. दुसरीच्या दारावर कवटी व हाडे कोरलेली आहेत. बंड करणाऱ्या गुलामास तेथे कोंडून अन्नपाण्यावाचून मरू देत. शिक्षा देतानाही माणसामाणसांत भेद केलेला होता.

शेवटी आपण एका खोलीत येतो. तिच्या भिंतीत एक उभी, अरुंद फट आहे. एका वेळी एकच कृश देह तिच्यातून बाहेर पडेल एवढी. आज तिला ‘परत न येण्याचे दार’ म्हणतात. त्या फटीपलीकडे होडी असे, होडीपलीकडे नौका, आणि नौकेपलीकडे दोन-तीन महिन्यांचा समुद्र. येथे येणारे लोक आता त्या जागी फुले व पुष्पचक्रे ठेवतात.

वरच्या मजल्यावर

ह्या कोठड्यांतून वर आल्यावर डच लोकांचे प्रार्थनामंदिर लागते. खोली मोठी, हवेशीर आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. दाराशी डच भाषेत एक वचन कोरलेले आहे. ते बायबलमधील १३२ व्या स्तोत्रातले असून, सियोन हे प्रभूच्या विसाव्याचे व निरंतर निवासाचे स्थान आहे, असा त्याचा भाव आहे.

मी धर्मगुरू आहे. कोणत्याही उपासनामंदिराच्या दारावरील वचन मी श्रद्धेने वाचतो. परंतु ह्या दाराशी माझे पाऊल अडखळले. ज्यांनी ते वचन कोरले ते ढोंगी होते असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते बहुधा ढोंगी नव्हते. ते रविवार पाळीत असत. आपल्या मुलाबाळांसाठी प्रार्थना करीत असत. तापाने मरणाऱ्या सोबत्याच्या उशाशी बसत असत. एल्मिनाहून सुमारे १३ किलोमीटरवर केप कोस्ट येथे इंग्रजांचा असाच किल्ला आहे. तेथे तर अँग्लिकन प्रार्थनामंदिर पुरुष-गुलामांच्या कोठडीच्या अगदी वर होते. डच असोत, इंग्रज असोत, पोर्तुगीज असोत, सर्वांची गोष्ट एकच. खालून येणारा आवाज त्यांच्या कानी पडत नव्हता असे नाही. त्या आवाजाचा आपल्या प्रार्थनेशी काही संबंध आहे, असे त्यांना वाटत नव्हते.

एका विद्वानाची कथा

ह्याच एल्मिनात एक असा धर्मोपदेशक होऊन गेला की, त्याची कथा ऐकून मन सुन्न होते. त्याचे नाव याकोबुस कापिटाइन. तो आफ्रिकेतच सुमारे १७१७ साली जन्मला. सात-आठ वर्षांचा असताना त्याला गुलाम म्हणून विकले गेले. कंपनीच्या एका व्यापाऱ्याने १७२८ साली त्याला हॉलंडात नेले व शाळेत घातले. मुलगा अत्यंत बुद्धिमान निघाला. लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. लायडनच्या विद्यापीठात त्याने ईश्वरविज्ञानाचा अभ्यास पुरा केला, आणि १७४२ साली विद्वानांपुढे लॅटिनमध्ये एक प्रबंध वाचला.

त्या प्रबंधाचा विषय कोणता? गुलामगिरी ही ख्रिस्ती स्वातंत्र्याच्या विरुद्ध नाही, हा! ख्रिस्ताने दिलेले स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, देहाचे नव्हे. तेव्हा गुलामास स्नानसंस्कार दिला तरी धन्याने त्यास मोकळे केलेच पाहिजे असे नाही, असे त्याने सिद्ध करून दाखविले. जो स्वतः विकला गेला होता त्यानेच हे लिहिल्यामुळे मळेवाले व व्यापारी ह्यांना केवढा आनंद झाला असेल! त्या प्रबंधाच्या डच भाषांतराच्या त्याच वर्षी अनेक आवृत्त्या निघाल्या.

त्याच वर्षी धर्मोपदेशकाची दीक्षा घेऊन तो एल्मिनास आला. मुलांसाठी त्याने शाळा चालविली. प्रभूची प्रार्थना, श्रद्धेची तत्त्वे व दहा आज्ञा ह्यांचे त्याने तेथील लोकभाषेत भाषांतर केले. ते १७४४ साली लायडन येथे छापले गेले. चोरी करू नये ही आज्ञाही त्यात आलीच. ती आज्ञा स्वतःच्या भाषेत लिहिताना, ज्या तळमजल्यावर चोरलेली माणसे कोंडलेली होती त्याचा विचार त्याच्या मनात आला असेल काय? कंपनीच्या गोऱ्या नोकरांनी त्याला आपला मानले नाही, आणि गावकऱ्यांनाही तो परका वाटला. १७४७ साली, वयाच्या तिशीतच, तो एल्मिनात मरण पावला.

ह्या बिचाऱ्यास दोष देण्याचा अधिकार मला नाही. ज्यांनी त्याला शिकविले त्यांनीच ती युक्तिवादाची वाट त्याच्यापुढे आखून ठेविली होती. परंतु सेमिनरीत शिकलेल्या आम्हां सर्वांस त्याची कथा एक इशारा देते. विद्येने माणूस सत्य शोधू शकतो, तसेच विद्येनेच तो अन्यायास धर्माचे वस्त्रही नेसवू शकतो. साध्या गावकऱ्यास जे चूक आहे हे पोटातून कळते, ते चूक नाही असे पटविण्यास पंडित लागतो.

ख्रिस्तसभेचा हिशेब

येथे कॅथलिक वाचकाने आपल्या घराचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. १४३५ साली पोप चौथे युजीन ह्यांनी कॅनरी बेटांतील नवख्रिस्ती लोकांना गुलाम करणाऱ्यांना बहिष्काराची ताकीद दिली. परंतु १४५२ व १४५५ साली पोप पाचवे निकोलस ह्यांनी पोर्तुगालच्या राजास दिलेल्या पत्रांत अख्रिस्ती लोकांना जिंकून कायमच्या दास्यात टाकण्याची मुभा दिली. एल्मिनाचा किल्ला बांधला गेला तो ह्या पत्रांच्या छायेत. पुढे १५३७ साली पोप तिसरे पॉल ह्यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही असे घोषित केले. पण आफ्रिकेतून माणसे नेणारी नौका त्या घोषणेने थांबली नाही.

ज्यांनी आवाज उठविला त्यांची नावे आपल्या मुलांना ठाऊक असावीत. आफ्रिकेतील एन्डोंगो राजघराण्यातला लोरेन्सो द सिल्व्हा मेन्दोन्सा हा श्रद्धाळू गृहस्थ कृष्णवर्णीयांच्या धर्मसंघांच्या वतीने रोमला गेला आणि त्याने गुलामांच्या छळाची तक्रार पोप अकरावे इनोसंट ह्यांच्यापुढे मांडली. तिचा विचार होऊन १६८६ साली रोमच्या धर्मपीठाने, निरपराध माणसांना बळाने वा कपटाने पकडणे व अशांची खरेदी-विक्री करणे निषिद्ध आहे, असा निर्णय दिला. निर्णय कागदावर राहिला. राजांनी व व्यापाऱ्यांनी तो मानला नाही. पण तो मागणारा एक आफ्रिकन प्रापंचिक होता, ही गोष्ट लहान नव्हे.

संत पीटर क्लेव्हर ह्यांचे नाव आपल्याला माहीत आहे. १६१० साली ते आजच्या कोलंबियातील कार्ताखेना बंदरात आले आणि जवळजवळ चाळीस वर्षे, गुलामांची नौका लागली की अन्न, पाणी, औषध घेऊन तिच्या तळघरात उतरले. आपण ह्या लोकांचे निरंतर दास होऊ, असे त्यांनी व्रतच घेतले होते. एल्मिनातील मंदिरे पाहिल्यावर त्या संताचे मोठेपण मला नव्याने उमगले. इतर लोक वरच्या मजल्यावर प्रार्थना करीत होते. ते मात्र खाली उतरले. तरीही हे सांगितले पाहिजे की, त्यांचे दुभाषे स्वतः मठाने विकत घेतलेले गुलाम होते. संतालाही त्याच्या काळाची भिंत पूर्ण ओलांडता आली नाही.

१८३९ साली पोप सोळावे ग्रेगरी ह्यांनी गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट निषेध केला. १८८८ साली पोप तेरावे लिओ ह्यांनी ब्राझीलच्या महागुरूंना पत्र लिहून गुलामगिरी नष्ट होत असल्याबद्दल आनंद प्रकट केला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये ती कायद्याने संपली, आणि त्याच वर्षी पीटर क्लेव्हर संत म्हणून घोषित झाले. पुढे २२ फेब्रुवारी १९९२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल सेनेगल देशातील गोरे बेटावर गेले. गुलामांच्या कोठड्या असलेल्या तेथील घरास भेट देऊन, ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनी केलेल्या ह्या पापाबद्दल त्यांनी देवाची क्षमा मागितली. २०२३ साली रोमने, नवे प्रदेश शोधून काढणाऱ्या ख्रिस्ती राजांना त्यांवर हक्क देणारी जुनी विचारसरणी आपण नाकारतो, असे जाहीर केले. त्याच वर्षी १ जुलै रोजी हॉलंडच्या राजानेही आपल्या देशाच्या गुलामगिरीबद्दल क्षमा मागितली. क्षमा उशिरा मागितली गेली हे खरे. पण मुळीच न मागण्यापेक्षा उशीर बरा.

कवडीचा प्रवास

कोणी म्हणेल, ही सारी गोऱ्या लोकांची व आफ्रिकेची कथा; आपला तिच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या भाषेतच दडलेला आहे. स्वस्तात गेलेल्या वस्तूस आपण ‘कवडीमोल’ म्हणतो. मालदीव बेटांतील कवड्या डच व इंग्रज कंपन्या आपल्या समुद्रातून युरोपात नेत आणि तेथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाठवीत. तेथील कित्येक बाजारांत ते चलन होते, आणि त्या कवड्या मोजून माणसे विकत घेतली जात. तेथे माणूस अक्षरशः कवडीमोल होता. तसेच हिंदुस्थानच्या विणकरांनी विणलेले सुती कापड हा त्या व्यापारातील एक प्रमुख माल होता. विणकरास ते कापड कोठे जाणार ह्याची कल्पना नव्हती. परंतु माल फिरत होता.

आणि गोवा? यान लिन्शोटेन नावाचा डच गृहस्थ १५८३ पासून काही वर्षे गोव्यात महागुरुस्वामींच्या पदरी नोकरीस होता. त्याने लिहून ठेवले आहे की, गोव्याच्या मुख्य रस्त्यावर रविवार व सणाचे दिवस वगळून रोज सकाळी लिलाव होई, आणि त्यात इतर मालाबरोबर स्त्री-पुरुष गुलामही विकले जात. रविवारी बाजार बंद राही. देवाचा दिवस पाळला जाई! हे गुलाम अटलांटिकच्या वाटेने नव्हे, तर मोझांबिककडून हिंदी महासागराच्या वाटेने व इतर ठिकाणांहून येत. समुद्र निराळा, साखळदंड तोच.

दुसऱ्यांदा आलेले धर्मगुरू

१८७२ साली डचांनी एल्मिना इंग्रजांच्या स्वाधीन केली. १८८० च्या मे महिन्यात दोन फ्रेंच धर्मगुरू, फादर ऑग्युस्त मोरो व फादर युजेन म्युरा, तेथे उतरले. पोर्तुगीज जाऊन जवळजवळ अडीच शतके झाली होती. गावात त्यांना एक नवल आढळले. ‘न्तोना’ नावाच्या एका दैवताची तेथे पूजा चाले, आणि तो मुळात पोर्तुगीजांच्या देवळातला संत अंतोनी होता! देऊळ गेले, मिस्सा गेली, पण संत मागे राहिला होता, आणि ज्यांनी त्याला जपले ते गावकरीच होते.

हे दोघे ज्या आफ्रिकन मिशन संस्थेचे होते तिचे संस्थापक मेलशियोर द मारियों ब्रेझियाक ह्यांचा आपल्या देशाशी जवळचा संबंध होता. ते तमिळनाडूतील कोइम्बतूर येथे महागुरू होते. देशी तरुणांतून चांगले धर्मगुरू घडावेत ह्याचा त्यांनी ध्यास घेतला होता, आणि ख्रिस्तसभेत चालू राहिलेल्या जातिभेदाच्या रूढींनी त्यांचे मन अस्वस्थ होते. त्या वादांतून त्यांनी पद सोडले, १८५६ साली फ्रान्समधील लिओन येथे नवी संस्था स्थापिली, आणि १८५९ साली आफ्रिकेत पोहोचून थोड्याच दिवसांत तापाने देह ठेवला. आज त्याच किनाऱ्यावर भरभराटलेले धर्मप्रांत आहेत. केप कोस्टचे महागुरुस्वामी पीटर टर्क्सन २००३ साली कार्डिनल झाले. तो मान मिळालेले ते पहिले घानावासी. ज्या किनाऱ्यावरून माणसे कवड्या मोजून गेली, तेथील सुपुत्र पोप निवडणाऱ्यांच्या पंगतीस बसला.

आपल्या घराचा तळमजला

आता अखेरची गोष्ट. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड ह्या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. पुष्कळांचे गोव्यात विकले गेले होते, आणि कित्येकांनी तेथून सुटून घाटावरच्या रानांचा आसरा घेतला. त्यांतील अनेक कुटुंबे कॅथलिक आहेत. ती कोकणी बोलतात, जपमाळ करतात, आपल्याच सणांना आपल्याच देवळांत येतात. २००३ साली सरकारने कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या सिद्दींना अनुसूचित जमातींत घेतले. पण ‘खाप्री’ हा शब्द आपल्या गावांतून अद्याप गेलेला नाही, आणि तो कोणत्या स्वरात उच्चारला जातो हे आपल्याला ठाऊक आहे.

वेठबिगारी कायद्याने १९७६ साली बंद झाली. तरी आगाऊ घेतलेल्या पैशापायी वीटभट्टीवर सारे कुटुंब अडकून पडले आहे, घरकामाची पोरगी मालकाच्या परवानगीवाचून आईला भेटू शकत नाही, असे आपण पाहत नाही काय? आपल्यापैकी कोणी गुलामांचा व्यापारी नाही. शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्यानेही दाराशी पडलेल्या लाजरसाला मारले नव्हते. त्याने फक्त त्याच्याकडे पाहिले नव्हते, आणि तेवढ्यानेच त्याचा नाश ओढवला.

एल्मिनाच्या भिंतीवर संगमरवरी फलक बसविलेला आहे. येथे हाल सोसलेल्यांची आठवण राहावी, मेलेल्यांना शांती मिळावी, परत येणाऱ्यांना आपली पाळेमुळे सापडावीत, आणि माणसाने माणसावर असा अन्याय पुन्हा कधीही करू नये. ह्याची शपथ आम्ही जिवंत माणसे घेत आहोत, असा त्यावरील लेखाचा आशय आहे. ती शपथ केवळ घानाच्या लोकांची नव्हे.

येत्या रविवारी आपण मिस्सेस जाल तेव्हा मंदिरात पाऊल टाकण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि स्वतःस विचारावे : माझ्या शेतात, माझ्या घरात, माझ्या दुकानात असे कोणी आहे काय, ज्याचा आवाज माझ्या कानी येतो, पण ज्याचा माझ्या प्रार्थनेशी काही संबंध आहे असे मला वाटत नाही? असे कोणी आठवले, तर त्याचे अडवून ठेवलेले वेतन त्याच दिवशी द्यावे, त्या मुलीला तिच्या आईकडे धाडावे, देवळाच्या बाकावर त्या शेजाऱ्यास आपल्याजवळ बसवून घ्यावे. मग वेदीपुढे गुडघे टेकावेत. प्रभू ती प्रार्थना ऐकेल.